छत्तीसचा आकडा

समोर वीसेक मुली आणि चार मुलगे बसले आहेत. वय एकोणीस-वीस, पण पुढची सहा मिनिटं ही सगळी मंडळी पाचवीत आहेत. फळ्यापाशी उभी असलेली छात्राध्यापिका पदर सावरत विचारते, ‘‘मुलांनो, भिजलेले कपडे आई कुठे टाकते?’’ ‘‘दोरीवर, मॅडम!’’ ‘‘थोड्या वेळाने त्यांचं काय होतं?’’ ‘‘वाळतात, मॅडम!’’ ‘‘मग त्यातलं पाणी गेलं कुठे?’’ मागच्या बाकावरचा एक जण मुद्दाम ओरडतो, ‘‘दोरीने पिलं!’’ वर्ग हसतो, छात्राध्यापिकाही हसते आणि मग ठरल्याप्रमाणे बरोबर उत्तर येतं. लगेच हेतुकथन : ‘‘तर आज आपण बाष्पीभवनाचा अभ्यास करणार आहोत.’’ फळ्यावर शीर्षक, खाली रेघ. वेळ संपली.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अध्यापक विद्यालयातला हा सूक्ष्मपाठ. आजचं कौशल्य प्रस्तावनेचं. उद्या प्रश्न कौशल्य, परवा फलकलेखन, मग प्रबलन, चेतक बदल. कोपऱ्यात बसलेल्या मैत्रिणीच्या हातात निरीक्षण तक्ता आहे. प्रश्न पूर्वज्ञानावर आधारित होते का, सुसंगत होते का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला का, अशा खुणा ती करत असते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 1960च्या दशकात निघालेली ही पद्धत आपल्याकडे रुळली ती ठरावीक वेळापत्रकासह : पाठ सहा मिनिटं, प्रत्याभरण सहा, पुनर्नियोजन बारा, पुन्हा पाठ सहा, पुन्हा प्रत्याभरण सहा. एकूण छत्तीस मिनिटं.

आता दुसरं वेळापत्रक. हीच छात्राध्यापिका दोन वर्षांनी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीला, म्हणजे सगळे ‘टीईटी’शी गल्लत करतात त्या ‘टेट’ला, बसेल. 200 प्रश्न, 200 गुण, दोन तास. एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. या चाचणीत गणितीय क्षमता असते, वेग आणि अचूकता असते, सांकेतिक भाषा, लयबद्ध मांडणी, कूटप्रश्न असतात. फळा नसतो. मूल नसतं. पण तिला नोकरी मिळणार की नाही हे ठरतं ते याच गुणांवर.

महाराष्ट्रात शिक्षक होण्याची तयारी म्हणजे या दोन छत्तिसांची ओढाताण आहे, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

अविश्वासाची शिडी

ही शिडी एका दिवसात उभी राहिलेली नाही. एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा गावात मास्तर म्हणून लागे आणि सवडीने ट्रेनिंग कॉलेजला जाऊन ‘ट्रेंड’ होई. शिकवायला आधी शिकावं लागतं ही जाणीव मात्र त्याहून जुनी. सावित्रीबाई फुले यांनीही अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये प्रशिक्षण घेतल्याचं त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात ‘डाएट’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, उभ्या राहिल्या. त्यातल्या बऱ्याच जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर आहेत : साताऱ्याची फलटणला, सोलापूरची वेळापूरला, पुण्याची लोणी काळभोरला. पुढे खासगी डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं. बारावीनंतर दोन वर्षं आणि जिल्हा परिषदेची नोकरी, हा हिशेब गावोगाव पाठ झाला. एकरभर जमीन विकून मुलाला डी.एड.ला घातलेली घरं याच काळातली, आणि ‘डी.एड. झालेली मुलगी’ हे स्थळ म्हणून वजनदार ठरलं तेही याच काळात.

मग एकेका पायरीवर अविश्वास साचत गेला. कॉलेजं इतकी झाली की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. महाराष्ट्रातल्या 291 संस्थांच्या मान्यतेचा तो वाद होता, आणि त्यातूनच 2011 मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती घेणाऱ्या या आयोगाच्या मुळाशी आपलं राज्य होतं, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नाही. तोवर शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता आणि 23 ऑगस्ट 2010च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक केली होती. पदविका पुरेशी नाही, ती मिळवणाऱ्याला काही येतं का हे पुन्हा तपासा, असा त्याचा सरळ अर्थ. महाराष्ट्राची पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. त्याआधीच, मे 2012 पासून, राज्याने शिक्षकभरती थांबवली होती. म्हणजे पात्रतेचा दरवाजा उघडला तेव्हा आतल्या खोलीला कुलूप होतं.

नेमणुकांवरचा अविश्वास तर उघड बोलण्याचा विषय. ‘‘संस्थेत लागायचं तर किती?’’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारला जाई आणि उत्तर लाखांत येई. ते बंद करण्यासाठी 2017च्या डिसेंबरात पहिली अभियोग्यता चाचणी झाली आणि पाठोपाठ पवित्र पोर्टल आलं. उमेदवाराने गुण घ्यायचे, पसंतीक्रम भरायचा आणि यादी लागायची वाट पाहायची.

शेवटी परीक्षेवरचाच अविश्वास. जानेवारी 2020 मध्ये झालेल्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुढे उघड झालं, परीक्षा परिषदेच्या वरिष्ठांना अटक झाली आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे नापास झालेल्यांनी ती बातमी कशी वाचली असेल, याची कल्पना करावी.

प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर भरवसा उरला नाही म्हणून आली. कॉलेजवर नाही म्हणून टीईटी, संस्थाचालकावर नाही म्हणून पोर्टल. आणि दर पायरीला माणसाची नजर थोडी थोडी बाजूला होत गेली. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक होईपर्यंत उमेदवाराला शिकवताना निवड करणाऱ्यांपैकी कुणीही पाहिलेलं नसतं. संस्थांसाठी पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ असा पर्याय आहे, त्यात अध्यापन कौशल्यही पाहायचं असतं. पण सरकारी शाळांसाठी यादीतला क्रमांक हेच सर्वस्व.

अभ्यासिकेतले गुरुजी

पुण्याच्या सदाशिव पेठेत, लातुरात, छत्रपती संभाजीनगरात अभ्यासिका चोवीस तास उघड्या असतात. तिथे एमपीएससीवाल्यांच्या गर्दीत शिक्षकभरतीवाले ओळखू येतात ते त्यांच्या वयावरून. कित्येकांनी डी.एड. केलं तेव्हा या चाचण्यांची नावंही कुणाला माहीत नव्हती. मधल्या काळात कुणी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवलं, कुणी विनाअनुदानित शाळेत ‘आज ना उद्या अनुदान येईल’ म्हणून फुकट राबलं, कुणी गावी दूध डेअरीवर बसलं. वयोमर्यादेची तारीख त्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ असते.

टीईटीचा पहिला पेपर, पहिली ते पाचवीसाठीचा, 150 गुणांचा. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. प्रत्येकी 30 गुण. खुल्या प्रवर्गाला पास व्हायला 90 हवेत. निकाल पाच टक्क्यांच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही खाली रेंगाळतो. त्यामुळे तयारीचं एक शास्त्रच झालं आहे. पियाजेच्या अवस्था बोटांवर मोजल्या जातात : 2 ते 7 पूर्वक्रियात्मक, 7 ते 11 मूर्त क्रियात्मक. व्हायगॉट्स्की म्हटलं की ‘समीपस्थ विकास क्षेत्र’, कोहलबर्ग म्हटलं की नैतिक विकास. जोड्या लावा, गाळलेली जागा भरा, योग्य पर्याय निवडा.

चाचणीवर केवळ तोंडसुख घेणं मात्र अन्यायाचं होईल. फेब्रुवारी 2024 मध्ये पवित्र पोर्टलवरून अकरा हजारांवर उमेदवारांची शिफारस झाली. त्यात ऊसतोड कामगारांची, शेतमजुरांची मुलं होती आणि त्यांच्या घरातून नोकरीसाठी एक रुपयाही गेला नाही. ज्यांनी डोनेशनचा जमाना पाहिला आहे त्यांना याचं मोल कळतं. मराठवाड्यातल्या एका नव्याने लागलेल्या शिक्षकाने मला सांगितलं, ‘‘सर, कोडी सोडवून मास्तर झालो, हे खरं. पण आधीच्या पद्धतीत मी कोडी सोडवूनही झालो नसतो.’’ या वाक्यापुढे जुन्या मुलाखतीच्या आठवणी काढणाऱ्यांची पंचाईत होते.

त्यातच नियमही पायाखालून सरकत राहतात. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नाही; पहिली ते पाचवीला डी.एल.एड.च (म्हणजे पूर्वीचं डी.एड.) हवं. 2020चं धोरण चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे बोट दाखवतं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025च्या निकालाने तर सेवेत असलेल्यांनाही परीक्षेला बसवलं : निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. शिक्षक संघटनांनी याला कडाडून विरोध केला. पण दुसरीकडे, भाच्याबरोबर एकाच गाईडमधून अभ्यास करणारे पन्नाशीचे गुरुजीही दिसू लागले.

सत्तेचाळीस

या सगळ्या तयारीत जे हाती लागत नाही ते कसं दिसतं, हे पाहायला जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत जाऊ. डी.एल.एड.च्या दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे शाळेतली आंतरवासिता असते. त्यासाठी एक छात्राध्यापिका इथे आली आहे. एकाच खोलीत पहिली आणि दुसरी. पहिलीवाल्यांना चिंचोके देऊन बसवलं आहे आणि दुसरीला श्रुतलेखन चालू आहे, अंकांचं. ‘‘सत्तेचाळीस.’’ पाट्यांवर पेन्सिली कुरकुरतात. दोन मुलांच्या पाटीवर 74. छात्राध्यापिका दोन्ही पाट्यांवर फुली मारते, फळ्यावर 47 लिहिते आणि ‘‘दहा वेळा लिहा’’ सांगून पुढे जाते.

खिडकीशी बसून पोषण आहाराची नोंदवही भरणाऱ्या बाई हे पाहत होत्या. त्यांनी दोघांना जवळ बोलावलं. कोपऱ्यात काड्यांचे गठ्ठे होते, दहा-दहा काड्या रबराने बांधलेले, आणि सुट्ट्या काड्यांचा डबा. ‘‘मला सत्तेचाळीस काड्या दे.’’ पहिल्या मुलाने चार गठ्ठे उचलले, सात सुट्ट्या मोजल्या आणि बाईंपुढे ठेवल्या. दुसऱ्या मुलीने सात गठ्ठे काढले आणि वर चार सुट्ट्या ठेवल्या.

उत्तर दोघांचं एकच, चूक मात्र वेगळी. पहिल्याला सत्तेचाळीस म्हणजे किती हे पक्कं कळतं. आपल्या भाषेत सात आधी ऐकू येतो म्हणून त्याने तो आधी लिहिला, एवढंच. त्याला लिहिण्याचा क्रम दाखवला की काम झालं. त्या मुलीच्या मनात मात्र त्या संख्येचं मोजमापच तयार झालेलं नाही. तिने दहा वेळा काय, शंभर वेळा 47 लिहिलं तरी हात शिकेल, डोकं नाही. तिला परत गठ्ठे बांधण्यापासून सुरुवात करावी लागेल. एका फुलीने दोघांनाही एकच निकाल दिला होता.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची ‘वीस एक, वीस दोन’ ही जोडपद्धत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, विनोद झाले, विधिमंडळात टोले हाणले गेले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरी संख्यानामं लहान मुलांना अवघड जातात. ती पद्धत पटो न पटो, त्या वादात जवळजवळ कुणीच विचारलं नाही की दुसरीच्या वर्गात 74 लिहिणारं मूल नेमकं कुठे अडतं. ते माहीत असलेली माणसं त्या वेळी वर्गात होती आणि त्यांना कुणी टीव्हीवर बोलावलं नव्हतं.

दुपारी छात्राध्यापिकेने पाठ टाचणाच्या वहीत ‘उद्दिष्टे’, ‘स्पष्टीकरणे’, ‘शैक्षणिक साहित्य’ हे रकाने भरले. त्या वहीत मुलांच्या चुकांसाठी रकाना नव्हता. सूक्ष्मपाठात ‘दोरीने पिलं’ म्हणणाऱ्या वर्गमित्राची चूक खोटी असते, ती हसून सोडून देता येते. खऱ्या मुलाची चूक हा त्याने केलेला विचार असतो, आणि तो वाचता येणं हेच या धंद्यातलं मुख्य कसब. ते सहा मिनिटांत येत नाही आणि चार पर्यायांतही बसत नाही.

नेमणूक आणि भाषा

यादी लागते तेव्हा दुसरा धक्का बसतो. लातूरच्या मुलाला नंदुरबार मिळतं, कोल्हापूरच्या मुलीला पालघर, बीडच्या पोराला अमरावतीतलं मेळघाट. टीईटीच्या भाषेच्या पेपरात त्याने समास ओळखलेले असतात, प्रयोग ओळखलेले असतात, अलंकार ओळखलेले असतात. नंदुरबारमधल्या धडगावच्या वर्गात मुलं पावरी बोलतात. मेळघाटात कोरकू, जी मुळी मराठीच्या कुळातलीच नाही, मुंडा कुळातली आहे. पहिल्या दिवशी पोरं गुरुजींकडे पाहतात, गुरुजी पोरांकडे पाहतात आणि पुस्तकातल्या चित्राखेरीज मध्ये दुवा म्हणून काही नसतं.

अशा जागी नवा शिक्षक दोनपैकी एक करतो. एक तर अंतरजिल्हा बदलीच्या नियमांचा अभ्यास पहिल्या आठवड्यापासून सुरू करतो. नाही तर वहीच्या मागच्या पानावर पोरांचे शब्द लिहायला लागतो. दुसरा मार्ग आपल्याकडे अनोळखी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबादला नेलं आणि अनुताई वाघ यांनी ते हयातभर चालवलं. मुलं शाळेत येत नाहीत तर अंगणात भरवली, गुरं चारायला जातात तर कुरणात शाळा नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हे तिथलं साहित्य. तिथे बालसेविका तयार झाल्या त्या मुलांच्या घोळक्यात राहून. आधी प्रशिक्षण आणि मग मूल, अशी विभागणीच नव्हती.

आज कोसबाद आदर्श म्हणून प्रश्नपत्रिकेत येतं. ‘कोसबाद प्रकल्पाशी निगडित व्यक्ती कोण?’ चार नावं, एकावर खूण. पुढचा प्रश्न.

तयारी करणाऱ्याने काय करावं

ज्यांना पुढच्या फेरीत बसायचं आहे त्यांना चाचणी टाळता येणार नाही, आणि टाळायचा सल्ला देणं हा शहाजोगपणा ठरेल. वेग वाढवा, सराव प्रश्नपत्रिका सोडवा, तो भाग शिकवणारे वर्ग भरपूर आहेत. टीईटीचं प्रमाणपत्र 2021 पासून कायमस्वरूपी वैध झालं आहे, ते एकदा हाती आलं की तो घोर संपतो.

पण दिवसातला एक तास असा हवा, जो कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही; तो स्वतः मिळवावा लागतो. गल्लीतली, वस्तीवरची दोन-तीन मुलं घेऊन बसावं. त्यांना शिकवायची घाई न करता त्यांचं चुकीचं उत्तर उतरवून घ्यावं आणि ‘‘हे तुला कसं आलं, सांग बरं’’ एवढंच विचारावं. 42 मधून 17 वजा करून 35 लिहिणारी मुलगी सांगेल की दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. हातचा घेण्याचा नियम तिला सांगितला गेला होता. तो का घ्यायचा हे नव्हतं. अशी पन्नास उत्तरं वहीत जमली की पियाजे पाठ करावा लागत नाही, आठवतो. आंतरवासितेत मिळालेल्या शाळेत हजेरीपुरतं न जाता एखाद्या जुन्या बाईंच्या वर्गात मागे बसून त्या कुठे थांबतात, कुणाकडे पाहतात, कोणती चूक सोडून देतात हे टिपावं. कामाचे दाखले तिथे फुकट मिळतात.

आणि सरकारने काय करावं? मुलाखती परत आणा म्हणणाऱ्यांना मागचा बाजार आठवत नाही, किंवा नको तितका आठवतो. निवडीची यादी यंत्रानेच लावावी. 2020चं धोरण मात्र नेमणुकीत प्रत्यक्ष पाठ किंवा मुलाखत असावी असं म्हणतं, आणि त्यातला हेतू वाया घालवण्याची गरज नाही; जागा बदलली की पुरे. ती जागा आपल्याकडे तयार आहे. 2000 पासून महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ असतो. सुरुवातीला प्राथमिकला महिना तीन हजार मिळत, 2023 मध्ये ते मानधन सोळा हजार झालं. या तीन वर्षांत त्याला बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम मिळतं, ऑनलाइन माहिती भरायला मिळते, खिचडीचा हिशेब मिळतो. त्याचा पाठ नीट बसून पाहणारा, पाटीवरचं 74 दाखवून ‘आता काय करशील?’ असं विचारणारा कुणी मिळत नाही. केंद्रप्रमुख येतात ते बहुधा माहितीचे तक्ते घेऊन, आणि डाएट जिल्ह्यात कुठे आहे हे बऱ्याच जणांना प्रशिक्षणाचं पत्र आलं की कळतं.

शिकाऊपणाची ही तीन वर्षं केवळ पगार वाचवण्याची सोय म्हणून राखलेली आहेत. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी एका अनुभवी शिक्षकाने त्याच्या वर्गात बसावं, त्याच्या मुलांच्या वह्या त्याच्यासोबत वाचाव्यात आणि तिसऱ्या वर्षाअखेरी त्या वह्यांच्या आधारे त्याला कायम करावं. लाच देऊन बदलता येईल असा गुण त्यात नसेल, कारण गुणच नसतील. मुलं काय लिहू लागली हे असेल. त्यासाठी नवी परीक्षा नको, नवं पोर्टल नको. अनुभवी बाईंना नोंदवह्यांमधून मोकळं करावं लागेल, एवढी एकच खर्चाची बाब. ती केली नाही तर आपण हुशार उमेदवार निवडत राहू, आणि दुसरीतली ती मुलगी 47 दहा वेळा लिहीत राहील.